डॉक्टरांचं चीड

दवाखान्यात नंबर लावायच्या टेबलाशी बसलं की किस्से शोधायला जावं लागत नाही, पेशंटसोबत तेही आत येतात. आमच्या बऱ्हाणपुरात मला कुणी भेटलं, की आधी आमच्या डॉक्टरांच्या झाडाचेच किस्से विचारतं.

डॉक्टर बऱ्हाटेंनी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दवाखाना उघडला, तेव्हा त्यांच्या डेहराडूनच्या मित्राने पाइनचं बोन्साय भेट पाठवलं. हातभर उंची, वाकडं खोड, सुयांसारखी पानं. डॉक्टरांनी ते हौसेने वेटिंग रूममध्ये एसीखाली ठेवलं. थोड्याच दिवसांत सुया पिवळ्या पडायला लागल्या.

आता डॉक्टर नवीन. बाकावर बसलेल्या पेशंटला समोर बघायला दुसरं काय? बहादरपूरचे प्रल्हाद पाटील, केळीवाले, बराच वेळ झाडाकडे बघत होते. मग हळूच मला म्हणाले, "ताई, याच्यावर इलाज कोणाचा चालू आहे?"

"आमच्या डॉक्टरांचाच."

पाटील उठले आणि समोरच्या दवाखान्यात गेले.

*

डॉक्टरांना हे लागलं. ते स्वतः बाहेर येऊन लोकांना झाडाची माहिती द्यायला लागले. हे मुळात थंड मुलखातलं आहे, त्याला वेळ लागतो, वगैरे.

निंबोल्याचे एक आजोबा आले. आत शिरताच त्यांनी विचारलं, हे काय आहे? पाइन म्हटलं तर कळायचं नाही, म्हणून डॉक्टरांनी हिंदीतलं नाव सांगितलं, "चीड आहे."

आजोबांनी डॉक्टरांच्या कपाळावरच्या आठ्या बघितल्या आणि काठी उचलली. "मंग मी उद्या येतो."

*

पाटलांचा खोकला समोरही बरा झाला नाही. ते परत आले, आणि येताना शेतातली ड्रिपची नळी घेऊन आले. झाडाला थेंब थेंब पाणी पाहिजे, असं त्यांचं निदान. नळी अडकवायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी आमचा सलाईनचा स्टँड ओढला.

त्या दिवशी जो येईल तो सलाईनच मागायला लागला. एका साध्या सर्दीवाल्याला डॉक्टर नाही म्हणाले, तर तो झाडाकडे बोट दाखवून म्हणाला, "त्याले लावली, मले का नाही?"

*

झाड आणखी खचलं. एका रविवारी डॉक्टरांनी ते कुंडीतून उपसलं. मुळांचा नुसता चिखल, आणि कुजका वास. पाटलांची नळी तर होतीच, पण घरी जाताना पेशंटचा प्रत्येक नातेवाईक आपली उरलेली पाण्याची बाटलीही कुंडीत रिकामी करून जायचा. पुण्य लागतं ना.

डॉक्टरांनी सडकी मुळं कापली, विटांचा चुरा आणि तापीची जाड वाळू घालून झाड पुन्हा लावलं. वर लाल अक्षरांत पाटी लावली, 'झाडाला पाणी पाजू नये.'

तरी पुढच्याच आठवड्यात कुंडी ओली, वर मुंग्यांची रांग. बाकावरच्या बाईंना मी जाब विचारला. त्या शांतपणे म्हणाल्या, "पाणी नव्हतं ताई, लिंबू सरबत होतं."

*

मग डॉक्टरांनी झाड गच्चीवर नेलं. सकाळचं ऊन, दुपारी हिरवी जाळी. दोन पेशंटच्या मध्ये ते वर धावायचे, मातीत काडी खुपसून ओल बघायचे. खाली आले की मी त्यांचा चेहरा वाचायची. एकदा म्हणाले, "ताई, हे गेलं तर मी दवाखान्याची पाटी उतरवतो." गंमत नव्हती करत.

इकडे वेटिंग रूममधली झाडाची जागा रिकामी दिसायला लागली. शेजारच्या काकू डॉक्टरांच्या मिसेसना भेटायला आल्या. त्यांचा हात हातात घेऊन बसल्या. वय काय होतं, म्हणाल्या. मिसेस म्हणाल्या, असेल पंधरा-वीस वर्षांचं.

"लहानच होतं हो."

डॉक्टर घाईने मध्ये पडले. "अहो काकू, तसं काही नाही. ते वर आहे."

काकूंनी डोळ्याला पदर लावला.

*

होळीच्या सुमाराला फांद्यांच्या टोकांवर फिकट हिरवे कोंब उभे राहिले, छोट्या मेणबत्त्यांसारखे. डॉक्टरांनी गच्चीवरूनच मला हाक मारली. मग काय, जो पेशंट येईल त्याला आधी गच्चीवर न्यायचे.

तुकईथडच्या नर्मदाबाई टायफॉइडने आमच्याकडे अॅडमिट होत्या. त्यांना छुट्टी मिळाली त्या दिवशी डॉक्टरांनी त्यांनाही वर नेलं. बाईंनी कोंबांवरून बोट फिरवलं. मग फांद्यांना गुंडाळलेली तार बघितली, ती बशीएवढी कुंडी बघितली.

"बरं झालं ना हे?"

"एकदम बरं झालं," डॉक्टर हसत म्हणाले.

"मंग आता त्याले छुट्टी कधी देता?"