कुंकू लावताना गाळलेलं कपाळ

यहुदी खेड्यावरचं संगीत नाटक आम्ही हौशी मंडळींनी रामदासपेठेत बसवलं, तेव्हा तालमीत रूढींविरुद्ध सगळ्यात मोठं भाषण माझं असायचं. स्वतःला फार सुधारलेली समजायची मी. प्रयोगाआधी नटराजाची पूजा झाली. मी सगळ्या बायकांना हळदकुंकू लावत निघाले, आणि नवरीच्या आईचं काम करणाऱ्या माझ्या विधवा मैत्रिणीपाशी आल्यावर हात आपोआप पुढच्या कपाळाकडे वळला.

ती हसून म्हणाली, "मले काहून सोडलं वं? मी यहुदीण म्हणून?"

नाटकात यहुदिणी तर आम्ही सगळ्याच होतो. तरी मी "हो ना" म्हणाले आणि तिनंच दिलेल्या सबबीमागे ही सुधारक बया लपली. पडदा उघडायला अजून वेळ होता, करंडाही माझ्याच हातात होता.