कान टोचताना धरायला अनघा

"अनघाताई, येत्या शनिवारी मोकळ्या आहात का? आमच्या बाळाचे कान टोचायचेत."

सिंगापूरच्या मराठी घरांतून हा फोन गेली सतरा-अठरा वर्षं जातो आहे. मोकळ्या आहात का, हे आपलं विचारण्यापुरतं. ती येणार हे धरूनच वेळ ठरवलेली असते. मीही एकदा असाच फोन केला होता, म्हणून मला माहीत आहे.

अनघा कान टोचत नाही. ती मूल धरते. आपल्याकडे कान टोचताना मुलाला मामाच्या मांडीवर बसवायची पद्धत, आणि इथल्या पोरांचे मामा सगळे पुण्याला नाहीतर ठाण्याला. त्यांना रजा मिळत नाही. जे एक-दोघे विमानाचं तिकीट काढून हौसेने आले, त्यांतल्या एकाने सुई दिसताच स्वतःच डोळे मिटले आणि भाचीचं डोकं सोडून दिलं. एक भोक वर, एक खाली. त्या पोरीचे कान पुढे बुजवून पुन्हा टोचावे लागले. त्या दिवशी अनघा सहज सोबत गेली होती. दुसऱ्या खेपेला तिने धरलं आणि दोन्ही भोकं अगदी मधोमध पडली. झालं, तेव्हापासून ती आमच्या सगळ्यांची मामा. काही टवाळ लोक तिला अनघामामाच म्हणायचे. सुरुवातीला ती हसायची. हल्ली हसत नाही.

क्वीन्सटाउनच्या जुन्या ब्लॉकमध्ये ती आणि हेमचंद्र दोघंच राहतात. तो ऑडिटर, बोलायला महाग. ती एका बँकेच्या कागदपत्रांच्या विभागात होती, दोन वर्षांपूर्वी विभागच बंद झाला आणि ती घरी बसली. मूल नाही. तो विषय तिने कधी काढला नाही आणि आम्हीही काढला नाही, आम्ही काय एवढे असभ्य आहोत? पण फोन करताना आमच्या मनात एक गोष्ट असायचीच, ती आता लिहूनच टाकते. हिला काय, हिला बघवतं, असं आम्हाला वाटायचं.

तिची धरायची पद्धत अशी की पोराची पाठ स्वतःच्या छातीशी, पाय स्वतःच्या गुडघ्यांत, एक तळवा हनुवटीखाली आणि दुसरा कपाळावर. टोचणारी बाई बाजूला उभी असते, ती पोराला दिसत नाही. सुई दिसत नाही. दिसतात फक्त अनघाचे हात. पाळण्यातली मुलं हे सगळं दोन दिवसांत विसरतात. पण इथे 'पुढच्या इंडिया ट्रिपला करू' म्हणत म्हणत पोरं तीन-चार वर्षांची होतात, आणि त्या वयातलं पोर काही म्हणजे काही विसरत नाही.

अनघाने धरलं तेव्हा माझा राजस साडेतीन वर्षांचा होता. त्यानंतरच्या गणपतीत अनघा दारातून आत आली आणि हा जो सोफ्यामागे जाऊन बसला, तो आरती संपली तरी बाहेर येईना. आज तो एकोणीस वर्षांचा आहे, नॅशनल सर्व्हिसमध्ये आहे, रायफल उचलतो. अनघा दिसली की "हाय आंटी" म्हणतो आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला जातो.

"लाजतो गं तो," मी एकदा तिला म्हटलं.

"हो, लाजत असेल," ती म्हणाली, आणि ताटं मांडायला लागली.

मोठ्या वयात टोचून घेणारेही तिलाच सोबत नेतात. इतक्या कानांजवळ बसून तिला दुखण्याची जी माहिती झाली आहे, ती कुठल्या डॉक्टरला नसेल. कानाची पाळी सगळ्यांत सोपी, एक चिमटा आणि मग थोडा वेळ गरम वाटतं. वर कूर्चेत जिथे बुगडी घालतात तिथे मात्र सुई जाताना करकर आवाज येतो आणि तो आपल्याच डोक्यात ऐकू येतो. आमच्यातल्याच एकीची गार्गी सतराव्या वर्षी तिथे टोचायला गेली तेव्हा अनघाने तिला आधीच सांगून ठेवलं होतं की आवाजाला घाबरू नकोस, दुखणं त्या आवाजाएवढं नसतं. पुढे त्याच गार्गीला कानाच्या भोकासमोरचा तो लहानसा उंचवटाही टोचायचा होता. "तिथे जोर जास्त लावावा लागतो, दचकशील," अनघा म्हणाली. "आणि आतल्या वाटीत टोचलंस तर दोन दिवस ठणकेल. परीक्षा झाल्यावर जा." कूर्चेत टोचायला बंदुकीसारखं ते यंत्र वापरू द्यायचं नाही, सुईच हवी, यावर ती दुकानदाराशी भांडायलाही कमी करायची नाही.

यशोधनचा किस्सा तर अजून निघतो. सहा फुटी बँकर, लग्नात भिकबाळी घालायची हौस, आणि मुहूर्तावर टोचायचं म्हणून सकाळपासून उपाशी. वरच्या कूर्चेत सुई गेली आणि गडी स्टुलावरून सरळ खाली. तेव्हापासून अनघाचा पहिला निरोप ठरलेला, पोटभर खाऊन या. बधिर करायचं मलम लावणार असाल तर तासभर आधी लावा आणि टोचायच्या आधी नीट पुसून काढा. बर्फ आधी लावू नका, त्याने पाळी कडक होते. नंतर मिठाच्या पाण्याने स्वच्छ करा. आजी हळद आणि खोबरेल घेऊन आल्या तर त्यांना गोड बोलून चहाला बसवा. आणि कुडी फिरवत बसू नका, प्रत्येक फिरवण्यात जखम नव्याने उघडते. वरचं टोचलं असेल तर विमानात घेतो ती मानेची गोल उशी घ्या, कान मधल्या पोकळीत ठेवून झोपा. पाळी दीड-दोन महिन्यांत बरी होते, वरचं वर्षभर घेतं, कोणी काहीही सांगो.

हे सगळं ती कंटाळल्या आवाजात सांगते. इतक्या वेळा सांगून झालं आहे की मधे कोणी शंका विचारली तर तिला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

मग तिच्या मजल्यावर अदिती राहायला आली. पुण्याची, आयटीतली, नवरा महिन्यातले पंधरा दिवस जकार्ताला. त्यांची जाई तेव्हा दोन वर्षांची होती. चाइल्डकेअर चार वाजता सुटायचं आणि अदितीची मीटिंग सात वाजता संपायची. मधले तीन तास जाई अनघाकडे. बघता बघता त्या घरात खडू आले, भिंतीवर रेघा आल्या, हेमचंद्रसुद्धा "जाईबाई जेवल्या का?" असं मोठ्याने विचारायला लागला. त्याचा आवाज असा आहे हे मला त्या वर्षी कळलं. अनघा बाजारातून जाताना फोनवर सांगायची, आज पपई घेते, तिला आवडते. तिला इतकं सुखात मी कधी पाहिलं नव्हतं.

आणि परवाच्या मे महिन्यात अदितीने विचारलं, "मावशी, जाई चार वर्षांची होतेय. श्रीनिवासदादा येणार होता, पण त्याची रजा बारगळली. तुम्ही धराल ना?"

अनघाचा मला फोन आला तेव्हा मी हौगांगच्या बाजारात होते, हातात दोन पिशव्या.

"नीता, एक काम कर माझं. शनिवारी जाईला तू धर."

"मी? मला जमेल का?"

"मी शिकवते. पण मी धरणार नाही." मग म्हणाली, "मी धरलं तर ती सोमवारी माझ्याकडे यायची नाही गं. मला माहीत आहे. सगळी पोरं तशीच करतात. बाकीची गेली, ठीक आहे. ही जायला नको."

इतक्या वर्षांत तिने स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट. मी हो म्हटलं. पिशव्या खाली ठेवून उगाच तिथे उभी राहिले, मासळीवाल्याने दोनदा काय हवं म्हणून विचारलं.

शनिवारी लिटल इंडियाच्या एमआरटी स्टेशनवर भेटलो. सेरंगून रोडच्या एका गल्लीत सोनाराच्या दुकानावर माडीवर एक खोली आहे, तिथे एक तमिळ अक्का टोचते. स्वच्छ बाई, प्रत्येक वेळी नव्या सुईचं पाकीट फोडते, हातमोजे घालते. अनघाने जाईला घरून भात खाऊ घालून आणलं होतं, मलम लावून, वर चिकटपट्टी लावून. अक्काने ते पुसलं, पेनने दोन्ही पाळ्यांवर ठिपके काढले आणि लांबून बघून एक ठिपका केसभर सरकवला.

"मावशी, पेन वन आह?" जाईने अनघाला इथल्या पोरांच्या इंग्रजीत विचारलं, म्हणजे दुखतं का.

"नाही गं सोन्या, मुंगी चावल्यासारखं," अदिती घाईने म्हणाली.

"दुखेल," अनघा म्हणाली. "मलम लावलंय म्हणून थोडं कमी. पण दुखेल. आणि दुसऱ्या कानाचं पहिल्यापेक्षा जास्त वाटेल, कारण तोवर तुला कळलेलं असेल. मग थांबेल."

अदितीने तिच्याकडे असं पाहिलं की बस. मग जाईच्या केसांवरून हात फिरवून म्हणाली, "मी बाहेर थांबते हं. मला नाही बघवणार." आणि जिन्याच्या दाराशी गेली.

मी स्टुलावर बसले. जाईला मांडीवर घेतलं, शिकवल्याप्रमाणे पाय गुडघ्यांत घेतले, हनुवटीखाली हात ठेवला. तिचा श्वास माझ्या मनगटाला लागत होता. अक्काने सुई उचलली, आणि तिच्याकडे बघता बघता मी पकड सैल सोडली. जाईने मान झटकली, "डोन्ट वॉन्ट! डोन्ट वॉन्ट लाह!" म्हणून किंचाळली आणि माझ्या हातांतून निसटून भिंतीशी जाऊन उभी राहिली.

"नो, नो," अक्का मला म्हणाली. "लाइक धिस, क्रूकेड विल कम." मग तिने अनघाकडे पाहिलं. ती अनघाला वर्षानुवर्षं ओळखते. मीही अनघाकडे पाहिलं. दारातून अदितीनेही पाहिलं.

अनघा अर्धी उठली होती. तिचे हात पुढेसुद्धा आले होते, सवयीने. मला वाटलं, धरणार ही. मला, खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

ती पुन्हा खाली बसली.

"अदिती, आत ये. तू धर."

"मावशी, मी? नाही हो, मला बघवत नाही, मी सांगितलं ना."

"कोणालाच बघवत नाही," अनघा म्हणाली. आवाज चढला नव्हता, दमलेला होता. "मला बघवतं असं वाटलं तुम्हाला सगळ्यांना? दर वेळी मी घरी जाऊन आडवी पडते. मी आता थकले. तुझी मुलगी आहे, तू धर."

अदिती आत आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि रागही होता. ती स्टुलावर बसली आणि अनघा दोन हात लांब उभी राहून सांगत राहिली, पाठ छातीला लाव, कपाळावरचा हात घट्ट, तू श्वास रोखू नकोस, तू रोखलास की ती रोखते. अक्काने पहिला कान टोचला. जाई जी ओरडली, ती खाली दुकानातही ऐकू गेली असेल. दुसऱ्या कानाला ती खरंच जास्त ओरडली, "आई नको, आई सोड" म्हणून. अदिती रडत होती, पण तिने सोडलं नाही. दोन्ही भोकं मधोमध.

"फिनिश," अक्का म्हणाली.

अदितीने हात काढले. जाई मांडीवरच गर्रकन वळली आणि जिने आत्ता तिला जखडून धरलं होतं, तिच्याच गळ्यात पडली. त्याच हातांनी अदिती तिची पाठ थोपटायला लागली आणि ती थोपटून घेत होती. "आई, दुखलं," आईलाच सांगत होती. जरा वेळाने मुसमुसणं थांबलं. मग तिने मान वळवून अनघाकडे हात पसरले, अनघाने तिला उचलून घेतलं आणि ती नेहमीसारखी तिच्या कंबरेवर बसली. "मावशी, सेकंड वन मोअर पेन," तिने रिपोर्ट दिला.

"सांगितलं होतं ना," अनघा म्हणाली.

अदिती डोळे पुसत हसली. "बघा ना मावशी, मी उगाच घाबरत होते. दोन मिनिटांत विसरलीसुद्धा. माझ्यावर रागावलीच नाही."

 जाईला हवं होतं ते मिळालं होतं, अदितीला मिळालं होतं, खरं तर अनघालाही मिळालं होतं, सोमवारी जाई येणार होती. पण अनघाचा चेहरा असा झाला की मी तिच्याजवळ गेले. तिने जाईचं डोकं खांद्यावर घेतलं होतं आणि ती त्या केसांतून हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं बोलली.

"नीता, तुमच्यावरही रागावली नसती गं ती."

"कोण?"

"सगळी. तुझा राजस, सगळी. आया होतात तुम्ही. पोरं तुम्हाला दोन मिनिटांत माफ करतात. मला माफ करायचं त्यांना कारणच नव्हतं."

 राजसचे कान टोचले तेव्हा मी याच जिन्यात उभी होते, कानांवर हात ठेवून.