नातवासाठी पिक्चर बघणारे आबा

आबा पिक्चर मध्येच थांबवायचे आणि पडद्यावरच्या बापाला झापायचे. "आरं, पोराचं जरा ऐकून घे की! मोठा शाना लागून गेलास!" हे सगळं किकवीला, माझ्या मोबाईलच्या दुकानात. भोंगवलीत आबा आमचे शेजारी, म्हणून दुपारची खुर्ची त्यांची. गिऱ्हाईक दचकायचं. मी म्हणायचे, "आबा, हळू." तर मलाच, "तू तुजं रिचार्ज मार गं."

पिक्चर सगळे एकाच छापाचे. आईबाप पोटासाठी परदेशात गेलेले, पोरं तिकडंच वाढलेली, घरात एक रीत आणि शाळेत दुसरी. कधी चिनी घर असायचं, कधी पंजाबी. उभी हयात घाटात एसटी चालवलेल्या माणसाला हे वेड लागलं ते नातवापायी. आर्यन कॅनडात वाढलेला. फोनवर "हाय आबा" म्हणायचा आणि उठून जायचा. त्यानं आपल्याशी मोकळं बोलावं, एवढंच आबांना हवं होतं. "दोन्ही घरचा पाव्हणा उपाशी म्हनत्यात न्हाई का, तसं हाय ह्या पोरांचं," ते सांगायचे. "आदी त्यांचं दुखनं समजाय पायजे. मग बोलाय येतंय."

आणि खरंच, ऐन भातलावणीत आर्यन बापाबरोबर आठ दिवस येणार असं ठरलं. आबांनी अख्ख्या आळीला ताकीद दिली. "मार्क इचारायचं न्हाई कुनी. पाया पड म्हनायचं न्हाई. गाल वढायचा न्हाई. मराठी चुकली तर हसायचं न्हाई. ह्याच्यानंच तुटत्यात पोरं, म्या बगितलंय." माझ्या सासूबाई म्हणजे गप्प बसायला सांगितलं तर आजारी पडतील अशा. पण आबांच्या शब्दाखातर त्याही आठ दिवस गप्प राहिल्या.

आर्यन आला. उंच, शांत, गुणी पोरगा. स्वतःचं ताट स्वतः धुवायचा, अंथरुणाची घडी घालून ठेवायचा, पाणी प्यायचं तरी "घेऊ का?" म्हणून विचारायचा. आबा लांबूनच बघत बसायचे. "जेवलास का?" "हो, आबा." "बरं." पुढं काही नाही. पढवून ठेवलेली आळीही लांबच राहिली. निघताना त्यानं आबांचा हात हातात घेऊन हलवला आणि गाडीत बसला.

दुसऱ्या दिवशी आबा दुकानात आले. मी पिक्चर लावून दिला, त्यांनी तो बंद केला.

"मंगल, ह्या पिक्चरातली पोरं घरच्यांवर वरडत्यात, दारं आपटत्यात. आपला येकदा बी चिडला न्हाई."

"मग चांगलंच की, आबा."

"कसलं चांगलं? चिडाय मानूस आपलं लागतं गं. सोताच्या घरात पानी इचारून पितंय लेकरू."

फार वाईट वाटलं मला. एका गिऱ्हाइकाच्या फोनला काच लावत बसले. त्यानंतर आबा काही पिक्चर बघायला आले नाहीत.

थंडीत आबा गेले, झोपेतच. अग्नी पुतण्यानं दिला. मुलगा पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. मला रडू आलं नाही. दुकान उघडत होते, बंद करत होते, मध्ये काय झालं ते आठवत नाही. आर्यनची तिकडं परीक्षा होती. दहाव्याला माणसं नदीवरून परतली तेव्हा आबांच्या मुलानं माझ्यापुढं मोबाईल धरला. "मंगलवहिनी, आर्यनला तुमच्याशी बोलायचंय."

पडद्यावर आर्यन इस्त्रीचा शर्ट घालून, सावरून बसला होता. म्हणाला, "मंगलकाकू, सॉरी फॉर युअर लॉस." म्हणजे तुमचं माणूस गेलं, वाईट झालं.

आजा त्याचा, आणि सांत्वन माझं! 'अरे मेल्या, माझं काय, तुझं माणूस गेलं,' असं ओरडायला हवं होतं मी त्याच्यावर. मी "थँक्यू" म्हटलं आणि मोबाईल परत दिला.