पहिला दिवस माफ

आमची पोस्ट उत्तर सीमेवर होती. वर्षातला बराच काळ बर्फात. मी तिथे हवालदार होतो. प्लॅटूनमध्ये जळगावकडचे दोघेच, मी पिंप्राळ्याचा आणि नाईक विलास असोद्याचा. इतरांशी आम्ही हिंदीत बोलायचो, आपापसात मात्र गावची बोली. त्यावरून सगळे आमची टिंगल करत.

पोस्टवर एक रिवाज होता. तो कुठल्याही नियमात लिहिलेला नव्हता. रजेवरून परतलेल्याला पहिला दिवस माफ. ना संतरी ड्यूटी, ना पेट्रोल. त्याने चहा करायचा आणि घरून आणलेला खाऊ वाटायचा.

त्या वेळी मी रजेवरून संध्याकाळी पोहोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पेट्रोल निघणार होतं आणि त्यात पाळी माझी होती. मी सुभेदार साहेबांना सांगितलं की मी फिट आहे. ते बुटाची लेस बांधत होते. वर न बघताच म्हणाले, "तू माफ. विलास जाएगा."

मी पुन्हा विचारलं नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. चढण चढून पाय भरून आले होते. सकाळी विलासने कमरेला दोर बांधला आणि जाता जाता म्हणाला, "भाऊ, शेवभाजी तिखट कर. मांगच्यासारखं पानी नको करू."

मसाला भाजत असताना रेडिओ सेट खरखरला. "एव्हलांच. एक आदमी नीचे. ओव्हर."

मी सेट उचलला. "कौन? ओव्हर."

"विलास. ओव्हर."

अंधार पडेपर्यंत आम्ही कोसळलेला बर्फ खणत होतो. खणायला मीही गेलो, तेव्हा रिवाज कुणाला आठवला नाही. विलास सापडला तेव्हा कमरेचा दोर तसाच बांधलेला होता.

आता मी निवृत्त आहे. पिंप्राळ्यात घर बांधलं. माजी सैनिक म्हणून घरपट्टी माफ आहे. कायद्यात तिला सूट म्हणतात, ऑफिसातले लोक सवलत म्हणतात, आमच्या गल्लीत सरळ माफी म्हणतात. लोकांना वाटतं, सूट मिळाली म्हणजे काम संपलं. काम कुठेही जात नाही. संतरी बदलतो, पोस्ट रिकामी राहत नाही. एकाला माफ झालेलं दुसऱ्याच्या वाट्याला जातं, आणि तो दुसरा कोण हे बहुतेकांना कधी कळत नाही. मला कळलं. बँकेत वॉचमन म्हणतो, "आबा, तुम्ही पुढे या," की मी त्याच्यावर खेकसतो. बिचाऱ्याचा काय दोष? सून म्हणते, यांच्याशी चांगलं वागायचीही सोय नाही.

विलासची आई असोद्याला एकटी राहते. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. दर महिन्याला मी बसने जातो, तिची औषधं नेऊन देतो, घरातलं काही मोडलं असेल तर दुरुस्त करतो. त्या दिवशी पाळी माझी होती, हे मी तिला पहिल्या भेटीतच सांगितलं होतं.  ऐकून ती आत गेली आणि मला जेवायला वाढलं.

यंदा माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. म्हटलं, त्याआधी एकदा तोंडाने मागून घ्यावं. अक्का ओट्यावर तूर पाखडत होती.

"अक्का, मला माफ करा."

तिने सूप खाली ठेवलं. "नाही करत."

 इतकी वर्षं याच उत्तराची भीती होती.

"एकदा माफ केलं म्हंजे तुले सूट," ती म्हणाली. "मंग तू कशाले येशीन?"

 तिने सूप परत उचललं. "गुडघा नीट कर अन् ये. नळाचा वायसर गेला हाये."

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बसचा प्रवास बंद सांगितला होता. सून ओरडत राहिली आणि मी काठी घेऊन असोद्याची बस धरली. नळाचा वायसर बदलला. विलासचा युनिफॉर्ममधला फोटो नळाच्या वरच, भिंतीवर आहे. गुडघा वाकत नव्हता, तरी त्याच्यासमोर सावधान उभा राहिलो. अक्काने आतून विचारलं, कोन हाये?

मी म्हटलं, "मीच. पाळी माझी आहे."