रोझेरनं न दाखवलेले गोल

रोझेर लाशापेलला नोकरीवरून काढलं तेव्हा मी त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. हे आधीच सांगून टाकते. पुढं मी या शहराला जे काही बोलणार आहे, त्यात मलाही धरायचं.

चौदा वर्षं आम्ही दोघांनी माँट्रियालच्या बेसबॉल स्टेडियमचा धावफलक चालवला. काचेमागची अरुंद खोली, दोन खुर्च्या, एक फोन, एक छोटा टीव्ही. आकडे रोझेरचे आणि अक्षरं माझी. कुणाचा वाढदिवस असला, कुणाची गाडी चुकीच्या जागी लावलेली असली, तर ते मी लिहायचे. धावा, बाद, कितवी इनिंग हे त्याचं. चौदा वर्षांत त्याचा एक आकडा चुकला, आणि त्या रात्री तो जेवला नाही म्हणून त्याच्या बायकोनं, लिझेतनं, मला फोन करून विचारलं होतं की तिकडं कुणी मेलं की काय.

तो होशलागा या कामगारवस्तीतला, बुटांच्या कारखान्यात बावीस वर्षं तळ शिवलेला माणूस. कारखाना बंद पडला तसा इकडं आला. डाव्या पायानं लंगडायचा. सहा वर्षांचा असताना घोटा मोडला आणि तो वाकडाच बसला. आमच्या शहरात पोराचा घोटा वाकडा म्हणजे पोरगं गेल्यातच जमा, कारण स्केट चढत नाही. गल्लीतल्या बर्फावर सगळी पोरं हॉकी खेळायची आणि हा कठड्याला टेकून त्यांचे कोट सांभाळायचा. उन्हाळा आला की बाप त्याला ट्राममधून जुन्या लाकडी स्टेडियमवर बेसबॉल बघायला न्यायचा. "तिथं बसून बघायचं असतं, ओदील," तो मला म्हणायचा. "सगळेच बसलेले. लंगडा कोण आणि धडधाकट कोण, कुणाला कळत नाही."

थर्मासमध्ये वाटाण्याचं सूप आणायचा. तिसरी इनिंग संपल्याशिवाय झाकण उघडायचा नाही. पंचांनी चुकीचा निर्णय दिला की चर्चच्या वेदीवरच्या एकूण एक भांड्याचं नाव घेऊन शिव्या घालायचा, आमच्याकडच्या शिव्याच तशा, आणि मग रविवारी त्याच वेदीपुढं जाऊन गुडघे टेकायचा.

मी लागले तेव्हा स्टेडियममध्ये तीस हजार माणूस सहज असायचं. मग संघातले चांगले खेळाडू एकेक करून दुसऱ्या शहरांना विकले गेले आणि माणूस आटत गेला. वीस हजार, अकरा हजार, सहा हजार. कुणालाही विचारा, कारण तयार. छप्पर भिकार आहे, मालक कंजूष आहे, मेट्रोतून उतरल्यावर फार चालावं लागतं. रोझेरच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "हॉकीवाले सलग चार वर्षं तोंडावर आपटले," तो म्हणायचा, "तेव्हा कुणाला चालावं लागलं नाही वाटतं? तेव्हा बर्फाच्या वादळातून रांगा लावल्यात ना?"

उरलेल्या लोकांनी एक रीत पाडली होती. शेजारची रिकामी खुर्ची दुमडती असायची. तिची बैठक उचलून पाठीवर धाडधाड आपटायची. बारा माणसं आपटायला लागली की बाराशे असल्यासारखं वाटायचं. बाहेरून येणारे संघ बिचकायचे. वर्तमानपत्रवाले कौतुक करायचे, काय हा उत्साह म्हणून. पण शेजारची खुर्ची रिकामी असल्याशिवाय हे जमत नाही, एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही.

आणि एप्रिल आला की तेवढेही मनानं आमचे नसायचे. एप्रिलमध्ये हॉकीचे बाद फेरीचे सामने. बघायला आमच्याकडं, कानाला रेडिओ हॉकीचा. मग वरून हुकूम आला, की हॉकीत आपला गोल झाला की दहा सेकंदांत फलकावर दाखवायचा. हुकूम देणारे मस्यू हॅलोवेल, टोरंटोहून आलेले नवे साहेब. वय पस्तीस, फ्रेंच पुस्तकातली. "लोकांना जे आवडतं ते दिलं पाहिजे," ते म्हणाले.

"मग बेसबॉल कशाला ठेवता? बर्फच टाका," रोझेर म्हणाला. साहेब हसले. त्यांना वाटलं गंमत आहे.

त्या एप्रिलात आमच्याकडं एफ्राइन बतिस्ता नावाचा नवा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आला होता. डोमिनिकन, बावीस वर्षांचा, काड्यांसारखे हात. या शहरातला त्याचा पहिला सामना. हॉकी काय असते हे त्याला माहीतही नव्हतं. तीन इनिंग त्यानं सुरेख चेंडू टाकले. चौथ्या इनिंगमध्ये समोरच्या दोघांना बेसवर पोचू दिलं, आणि तिसऱ्यानं त्याचा चेंडू थेट कुंपणाबाहेर भिरकावला. एका फटक्यात तीन धावा त्याच्या डोक्यावर.

त्याच क्षणाला खोलीतल्या टीव्हीवर हॉकीचा गोल झाला. मी हुकमाप्रमाणं बटण दाबलं. एवढाल्या अक्षरांत फलकावर "गोल" आलं.

सात हजार माणसं उठून उभी राहिली. टाळ्या, शिट्ट्या, मिठ्या, खुर्च्यांची आपटाआपट. मैदानाच्या मध्यभागी ते पोरगं उभं. त्यानं आधी कुंपणाकडं पाहिलं, मग लोकांकडं पाहिलं. आपल्याच गावचे लोक आपण मार खाल्ला म्हणून नाचतायत, असंच त्याला दिसलं. फलक त्याच्या पाठीमागं होता. त्यानं टोपी काढून छातीशी धरली आणि तसाच उभा राहिला. पुढचे चार चेंडू त्याला धड टाकता आले नाहीत, त्याला बाहेर काढलं.

रोझेरचं सूप तसंच राहिलं. सामना संपल्यावर तो लंगडत खाली खेळाडूंच्या खोलीकडं निघाला. आम्हाला तिकडं जायची परवानगी नाही. मीही मागोमाग गेले, कारण बटण माझ्या बोटानं दाबलं होतं. रोझेरचं स्पॅनिश म्हणजे दर हिवाळ्यात आठवडाभर क्यूबाच्या समुद्रकाठी शिकलेलं. बिअर मागता येते आणि टॉवेल मागता येतो. त्या दोन शब्दांवर आणि हातवाऱ्यांवर त्यानं पोराला समजावलं, की ते तुला हसले नाहीत, दुसरा खेळ चालला होता.

एफ्राइनला थोडं इंग्रजी येत होतं. तो म्हणाला, "आमच्याकडं हरलो तर लोक संत्री फेकून मारतात."

"मग?" मी विचारलं.

"मारतात, पण आम्हालाच मारतात."

रोझेर बाकावर त्याच्या शेजारी बसला. मग म्हणाला, "तू पुढच्या वेळी उतरशील तेव्हा फलकावर फक्त तुझा सामना असेल. माझा शब्द." मी ते इंग्रजीत सांगितलं. पोरानं मान हलवली. विश्वास बसला असं काही दिसलं नाही.

एफ्राइनची पुढची पाळी पाच दिवसांनी होती. चौथ्या दिवशी कळलं, की हॉकीचा सातवा, निर्णायक सामना बॉस्टनशी त्याच संध्याकाळी, त्याच वेळेला. हॅलोवेल साहेबांना तर आयती संधीच मिळाली. त्यांनी वर्तमानपत्रात मोठी जाहिरात दिली: बेसबॉल बघायला या, हॉकीचा प्रत्येक गोल आमच्या फलकावर. नऊ हजार लोक आले. त्या मोसमातली सगळ्यात मोठी गर्दी. अर्ध्यांच्या अंगावर हॉकीचे लाल सदरे.

"बघितलंत मस्यू लाशापेल?" साहेब दारात येऊन म्हणाले. "अशी गर्दी जमवायची असते."

"लग्न आमच्या घरी आणि नवरदेव शेजारचा," रोझेर म्हणाला. साहेबांना कळलं नाही, ते खुशीत खाली गेले. रोझेरनं दाराला आतून कडी घातली.

दुसऱ्या इनिंगमध्ये हॉकीचा पहिला गोल झाला. माझं बोट बटणावर गेलं.

"ओदील, हात काढ."

"रोझेर, अरे नोकरी जाईल."

"जाईल. माझी जाईल. तू हात काढ."

"लोक त्यासाठीच आलेत, बाबा. जाहिरात वाचून आलेत."

"म्हणूनच," तो म्हणाला. त्यानं नजर मैदानावरून हलवली नाही. "एका माणसाला शब्द दिलाय. नऊ हजारांना मी काही बोललो नव्हतो."

मी हात मांडीवर ठेवले.

कानाला रेडिओ लावलेल्यांना कळलंच होतं. ते ओरडले, फलकाकडं बघायला लागले. फलकावर एफ्राइनचे आकडे. दोन चेंडू, एक बाद. आधी हशा झाला, मग शिट्ट्या, मग "गोल दाखवा, गोल दाखवा" असा ठेका. फोन वाजायला लागला. रोझेरनं तो उचलून शेजारी ठेवून दिला. त्यातून हॅलोवेल साहेबांची पुस्तकी फ्रेंच बारीक आवाजात येत राहिली. मधे दोनदा दारावर थापा पडल्या, रोझेर उठला नाही.

आणि मग ते घडलं, ज्याचा राग मला अजून आवरत नाही. लोक उठायला लागले. चौथ्या इनिंगला वरचे मजले रिकामे झाले. पाचव्याला खालचेही. बापलोक मुलांचे हात धरून, बिअरचे पेले तसेच टाकून, जवळच्या बारमध्ये टीव्ही गाठायला निघाले. खाली मैदानावर एक पोरगं जन्मातला सगळ्यात सुंदर सामना खेळत होतं, समोरच्या संघाला पाच इनिंगमध्ये एकही धाव देत नव्हतं, आणि हे त्याला पाठ दाखवून चालले होते. कुणी रागानं गेलं असतं तरी समजलं असतं. हे कंटाळून गेले.

मी रोझेरला म्हटलं, "बघ, तुझ्या हट्टानं सगळे चाललेत."

"ते आलेच नव्हते," तो म्हणाला. पण काचेला कपाळ टेकून तो जाणाऱ्यांकडं बघत होता, आणि माझ्या ध्यानात आलं की हे त्यालाही अपेक्षित नव्हतं. त्याला खरंच वाटलं होतं, की हॉकी दिसेनाशी झाली तर लोक बेसबॉल बघतील. एकसष्ट वर्षांचा माणूस, आणि एवढी भाबडी आशा.

नवव्या, शेवटच्या इनिंगला हजारभर उरले असतील. आमचा संघ एका धावेनं पुढं. ती हजार माणसं मात्र खुर्च्या आपटायला लागली. प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना मोकळ्या खुर्च्या, दोन्ही हातांनी आपटत होते. एफ्राइननं शेवटचा बॅटर बाद केला. या वेळी तो वळला, फलकाकडं तोंड केलं, वरपासून खालपर्यंत वाचून काढला. त्यावर त्याचाच सामना होता. मग आमच्या काचेकडं बघून त्यानं टोपी उचलली. रोझेरनं हात वर केला, पण आतल्या अंधारात तो खालून दिसला नसणार.

जिन्यावर पुन्हा पावलं वाजली. रोझेर झटकन वाकला आणि माझ्या यंत्राची तार भिंतीतून उपटली. मी बघतच राहिले. दारावर धक्के बसले, त्यानं कडी काढली.

"कुणी केलं हे?" साहेबांचा चेहरा लालभडक.

"मी. तिची तार मी काढून ठेवली. ती बिचारी संध्याकाळभर बटण दाबतेय."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. आता बोलायचं होतं. मी यंत्राकडं बघत बसले.

रोझेरनं थर्मास उचलला, कोट घातला, आणि जाता जाता शेवटच्या इनिंगचा आकडा लागलाय की नाही तेवढं बघून घेतलं. साहेबांनी दिलेला कागद त्यानं वाचला नाही. हॉकीचा संघ त्या संध्याकाळी जिंकला होता, रस्त्यावर गाड्यांचे भोंगे वाजत होते. त्या भोंग्यांतून तो लंगडत मेट्रोकडं गेला. दोन दिवसांनी पुढच्या फेरीचे गोल मी दहा सेकंदांच्या आत दाखवले. जुलैत एफ्राइनला दुसऱ्या शहराला विकलं.

तीन वर्षांनी संघच गेला. शहर सोडून, नाव बदलून, दूर अमेरिकेत. सप्टेंबरच्या शेवटी शेवटचा सामना झाला. त्या दिवशी मात्र सगळं शहर लोटलं. रडणारे, पाट्या घेतलेले, पोरांना खांद्यावर बसवलेले. जे बारा वर्षांत फिरकले नव्हते ते टीव्हीवाल्यांपुढं सांगत होते, आमच्या काळजाचा तुकडा गेला. एकाही खुर्चीचा आवाज येत नव्हता, कारण एकही खुर्ची रिकामी नव्हती.

मी त्याच फोनवरून रोझेरला फोन लावला. तीन वर्षांत पहिल्यांदा. लिझेतनं उचलला आणि माझा आवाज ओळखून त्याला दिला.

"ओदील बोलतेय," मी म्हटलं. "रोझेर, तू यायला हवं होतंस."

"किती आलेत?"

"चाळीस हजार."

पलीकडून चमचा बशीवर ठेवल्याचा आवाज आला.

"हां," तो म्हणाला. "हॉकी सुरू व्हायला अजून आठवडा आहे ना."