पाल्यावरचा मोबाईल
केळीच्या वाळलेल्या पाल्याचा वास आला की माझं डोकं अजून फिरतं. सावद्याच्या रस्त्याचे हादरे आम्ही बांधकाम खात्यासाठी मोबाईलवर मोजत होतो. रस्ता खराब ठरला तरच दुरुस्त होणार होता. केळीच्या रिकाम्या पिकअपच्या ड्रायव्हरभाऊंना मोबाईल समोर ठेवायला दिला आणि मी मागे हौद्यात बसलो. कंबर खिळखिळी झाली, पण उतरून बघतो तर मोबाईलच्या मते रस्ता गुळगुळीत! घडांखाली घालतात तसा भाऊंनी त्याच्याखाली पाल्याचा जाड थर घातला होता. "महागाचा मोबाईल शे ना भाऊ," ते मायेने म्हणाले, "म्हनीसन मी पाला टाका." पुन्हा मोजू म्हटलं, तर खात्यातले साहेब म्हणाले, "चांगल्या रस्त्यावर कशाला वेळ घालवता?" रस्ता आजही तसाच आहे, आणि त्यावरून जाताना मी कमरेखाली तोच पाला घेतो.