दोन मडक्यांतलं लेकरू

शहरातल्या एका कॉलेजात इतिहास विभागाची जुन्या वस्तूंची खोली आहे आणि ती कित्येक वर्षं माझ्या ताब्यात आहे. खापरं, शंखाच्या बांगड्या, दगडी पाटे, मातीचे बैल. सहलीची पोरं वेरूळ, देवगिरी बघून दमलेली असतात आणि मग त्यांना माझ्याकडे आणतात. त्यांना जागं करायला मी मेलेल्यांबद्दल सांगते. तीन हजार वर्षांपूर्वी आपल्याच मुलखात मोठं माणूस मेलं की पुरायच्या आधी त्याचे पाय घोट्याखाली तोडायचे, म्हणजे ते उठून कुठं जाणार नाही, असं म्हटलं की मोबाइल आपोआप खिशात जातात. जुनी माणसं साधीभोळी आणि सुखी होती असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. पाट्याची झीज दाखवून मी म्हणते, ही बाई एकाच अंगावर जोर देऊन दळायची, तिचा खांदा उतरलेला असणार, आणि आता पुरे असं तिला कुणीही म्हणालेलं नसणार. यातलं निम्मं मी मनानं रचते. पण ते चुकीचं असेल असं मला कधी वाटलेलं नाही.

सगळ्यात जास्त गर्दी होते ती एका काचेच्या पेटीपुढे. आत तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली दोन मडकी आहेत आणि त्यांच्यात एक तान्हं मूल आहे. त्याची हाडं काडेपेटीतल्या काड्यांएवढी आहेत. त्या काळी तान्ही मुलं अशीच मडक्यांत घालून राहत्या घरात, जमिनीखाली पुरायचे.

गेल्या हिवाळ्यात माय मोतीबिंदूच्या ऑपरेशनला माझ्या चिकलठाण्याच्या फ्लॅटवर आली. आमचं गाव पिशोरकडचं. बरोबर दादा, म्हणजे माझे वडील, आलेच, कारण तिकडं त्यांना भाकरी कोण करून घालणार. डोळा निवळल्यावर माय म्हणाली, "तू काय काम करती ते दाव एकदा." सुट्टीचा दिवस बघून मी दोघांना त्या खोलीत घेऊन गेले. दादा दारातच खुर्ची ओढून बसले. त्यांच्या मते मी फुटक्या खापरांवर पगार खाते.

माय पेटीपुढे थांबली.

"ह्यात लेकरू हाय?"

"होतं."

"घरात पुरलं व्हय गं?"

"घरातच. बहुतेक चुलीजवळ," मी म्हणाले. "आईच्या नजरेखाली राहावं म्हणून असेल."

पोरांना सांगते तेच मी सवयीनं सांगून गेले. मग तिचा चेहरा बघितला.

माझ्या आधी तिला एक मुलगा झाला होता. पाचवी पुजायच्या आदल्या दिवशी तो गेला. आमच्यात एवढ्या लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात, आणि बाईमाणसानं तिथं जायचं नसतं. दादांनी त्याला टॉवेलात गुंडाळून नेलं आणि घटकाभरात हातपाय धुऊन जेवायला बसले. कुठं ठेवला, हे माय तेव्हापासून विचारत आली. गेलेल्याची जागा विचारू नये, एवढंच उत्तर तिला मिळायचं. मग ती दरवर्षी तांब्याभर पाणी घेऊन निघायची आणि एकदा ओढ्याकाठी, एकदा बांधावर, एकदा बाभळीखाली ओतून यायची. कुठंतरी पोचंल, म्हणायची. लहानपणी मला तिची लाज वाटायची, कारण गावातल्या बाया हसायच्या.

त्या दिवशी तिनं दादांना माझ्यादेखत विचारलं. आवाज चढवला नाही.

"आता तरी सांगा. कुठं ठेवला?"

दादांनी घड्याळात बघितलं. "पांढरीत," ते म्हणाले. "तिथली माती मऊ. कुदळ बी लागली नाय."

पांढरी म्हणजे आमच्या शेताच्या कडेचं जुन्या वस्तीचं टेकाड. कोण माणसं तिथं कधी राहिली कुणास ठाऊक. त्यांच्या भिंती, चुली, राख सगळं कुजून तिथं पांढरी माती झालेली. मला पहिला मणी तिथंच सापडला आणि हे खूळही तिथूनच लागलं. पण गावाला मण्यांशी कर्तव्य नव्हतं. ती माती पाणी खाली झिरपू देत नाही, म्हणून धाब्याच्या घरांवर माळवदाला, म्हणजे मातीच्या छताला, तीच घालायची आमच्याकडची रीत. दर उन्हाळ्यात टेकाड खणायचं आणि पाट्या भरून न्यायच्या.

"कुठल्या अंगाला?" मायनं विचारलं.

"वरल्या."

वरलं अंग आता राहिलेलं नाही. मी कळती झाले तेव्हाच तिथं खड्डा होता.

"त्याच साली आपण माळवद केलं," माय म्हणाली. "वरल्या अंगाचीच माती आणली. मीच वाहिली डोक्यावर. ही पोटात होती."

"म्हणून तर सांगितलं नाय," दादा म्हणाले. "पाटी टाकून तिथंच बसली असती. पाऊस तोंडावर आला होता. माळवद कुणी केलं असतं?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. कामाची अडचण सांगावी तसं त्यांनी सांगितलं आणि विचारलं, इथं चहा मिळतो का. मला त्यांचा इतका तिटकारा आला की मी काचेला हात टेकवून उभी राहिले. आयुष्यभर मी अनोळखी बायांच्या दुखऱ्या खांद्यांबद्दल बोलत आले आणि त्या मातीखाली वाकलेला माझ्या आईचा खांदा मला कधी दिसला नव्हता. माझं सगळं लहानपण त्या माळवदाखाली गेलं.

परतताना दादांनी रिक्षावाल्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मेथी निवडता निवडता मायनं मला विचारलं, "तुमच्यात माती चाळत्यात ना? त्याची हाडं घावतील का?"

घावतील म्हणणं सोपं होतं. तिच्याशी आणखी एकानं खोटं बोलावं असं मला वाटेना.

"नाही माय. एवढ्या लहान मुलाची हाडं कोवळी असतात. उघड्या मातीत विरघळून जातात."

"मग ते पेटीतलं लेकरू कसं राहिलं इतकी वर्सं?"

"त्याला मडक्यात ठेवलं होतं म्हणून."

तिनं हातातली काडी मोडली, पानं एकीकडे टाकली आणि दुसरी काडी घेतली. बाहेरच्या खोलीत दादांनी टीव्ही लावला होता.

"मडकी लई होती गं घरात," ती म्हणाली. "मागितलं असतं तर मी दिलं असतं."